डाव्या टाचेखालची कुरकुर

जगातले सगळे थोर संगीत माझ्यावर उभे आहे. राजे, राण्या, वादळे, लढाया, प्रेमभंग आणि विषप्राशन यांतले काहीही माझ्याशिवाय सुरू होत नाही. मी नसतो, तर या शहराला संगीत म्हणजे काय हे कळलेच नसते.

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे.

लाकडी. गुडघ्याहून बुटका. ऑपेराघरात रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा असतो, त्यात वादक बसतात, आणि त्या खड्ड्याच्या मधोमध मी असतो. माझ्यावर कंडक्टर उभे राहतात. म्हणून वरची विधाने. माझे खरे नाव 'संचालकपीठ' असे भारदस्त आहे, पण त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचे आठवत नाही. 'अरे, तो खोका कुठे गेला?' एवढीच माझी ओळख.

माझा जन्म जहाजातून झाला. एका ऑपेरात तिसऱ्या अंकात जहाज बुडणार होते. (ऑपेरा म्हणजे असे नाटक, ज्यात माणसे बुडतानाही गातात, आणि म्हणून बुडायला फार वेळ घेतात.) पण झाले उलटेच. जहाज राहिले आणि ऑपेरा बुडाला. त्या जहाजाच्या फळ्यांतून ऑपेराघराच्या सुताराने मला ठोकून काढले. काम घाईचे होते, कारण आधीचा खोका एका वजनदार कंडक्टरांच्या उत्साहाखाली कालवश झाला होता. माझी डावी फळी जरा ओलसर होती. मी तयार झाल्यावर सुतार माझ्यावर उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "कुर्र."

"बसेल हळूहळू," सुतार म्हणाला.

ती अजून बसलेली नाही.

पुढे मास्तर आले. ते आधी तालमींना पियानो वाजवायचे आणि गायकांकडून बोल घोकून घ्यायचे, म्हणून मास्तर. कंडक्टर झाल्यावरही तेच नाव राहिले. लग्नाच्या वेळी त्यांच्या होणाऱ्या बायकोच्या मामांनी विचारले होते, "कंडक्टर? कोणत्या रूटवर?"

"ठरलेलं नसतं," मास्तर नम्रपणे म्हणाले. "वर्षातून चार महिने बाहेरगावी."

"लांब पल्ल्याच्या गाड्या," मामा समाधानाने म्हणाले. "चांगलं आहे. सुट्ट्या पैशांची कटकट कमी."

ही होणारी बायको म्हणजे आमच्या वाद्यवृंदातली पहिली व्हायोलिन. कंडक्टरच्या डाव्या हाताला, अगदी माझ्या कडेला बसते ती. सगळे वादक तिला वहिनी म्हणतात. लग्न झाल्यावर मास्तर घरी कोणाच्या इशाऱ्यावर चालतात, हे सांगायची गरज नाही. इथे मात्र त्या मास्तरांच्या इशाऱ्यावर चालतात, असे सगळ्यांचे म्हणणे होते. ते कितपत खरे होते, तीच माझी गोष्ट आहे.

मित्रांनो, मला सूर कळत नाहीत. मला तळवे कळतात. मास्तरांनी काय काय वाजवून घेतले हे मी बुटांवरून सांगू शकतो. वॉल्ट्झ असला की ते टाचेवरून चवड्यावर डुलत. लढाईच्या संगीतात आपटत, तेव्हा माझ्यातले खिळे उभे राहत. प्रेमाच्या युगुलगीतात दोन्ही पाय चवड्यांवर येत आणि गायिका वरचा सूर सोडीपर्यंत खाली उतरत नसत. सिंफनीचा संथ भाग आला की त्यांचे पाय थिजून जात आणि मी एक डुलकी काढी. 'दोन जावा' नावाचा एक विनोदी ऑपेरा होता, त्यात दोघी जावा एकाच वेळी एकमेकींची गाऱ्हाणी गातात. त्यात मास्तरांचा उजवा पाय थोरलीबरोबर आणि डावा धाकटीबरोबर चाले. मधल्या मधे मी चेपला जाई. घरोघरी असे कोणीतरी असतेच.

पाय असे बोलके, पण हात? मास्तरांचा छडीचा हात म्हणजे डॉक्टरांचे अक्षर. आशय खोल, पण वाचता कोणाला येत नाही. बाकीचे कंडक्टर छडी वर नेतात आणि खाली आणतात. ती खाली आली की वाजवायचे. मास्तरांची छडी वर जाई, तिथे कोणीतरी ओळखीचे भेटल्यासारखी घुटमळे, डावीकडे वळे, काहीतरी आठवल्यासारखी परत येई आणि मग खाली येई किंवा येत नसे. पहिल्याच मोसमात वहिनींच्या लक्षात आले की या छडीकडे बघून सुरुवात केली, तर ऐंशी वादकांच्या ऐंशी वेगवेगळ्या सुरुवाती होतील.

आणि त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. ठोका देण्याच्या बरोबर आधी मास्तर आपला भार डाव्या टाचेवर घेतात. डाव्या टाचेखाली माझी डावी फळी असते. ती म्हणते, "कुर्र." आणि त्यानंतर, एक श्वास जेवढा असतो तेवढ्या अंतराने, नेमका ठोका येतो. छडी काहीही म्हणो.

त्या दिवसापासून आमचा वाद्यवृंद माझ्या कुरकुरीवर चालू लागला. नवा वादक आला की वहिनी त्याला कोपऱ्यात घेत. "छडीकडे बघायचं. आदराने बघायचं. पण कान इथे." आणि डोळ्यांनी मला दाखवत. "आणि हे मास्तरांच्या कानावर गेलं तर गाठ माझ्याशी आहे. त्यांचा अख्खा जीव त्या छडीत आहे. कळलं तर माणूस उभा मोडेल."

कोणी बोलले नाही. नगारे वाजवणारे काका, ज्यांच्या पोटात चहासुद्धा राहत नसे, तेही बोलले नाहीत. जाणकार लिहीत की मास्तरांच्या छडीत जादू आहे, सगळा वृंद एका श्वासात सुरू होतो. मास्तर ते वाचून छडी कापडाने पुसत. मला कोणी पुसले नाही. दोन्ही अर्थांनी.

असे दिवस चालले असताना नवे व्यवस्थापक आले. त्यांना प्रत्येक जुनी वस्तू पाहून शिंक येई. त्यांनी अॅल्युमिनियमचे नवे पीठ आणले. त्याला गालिचा होता, कठडा होता आणि आवाज अजिबात नव्हता. माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्यावर पोछ्याची बादली असे आणि बादली नसली की एक मांजर. मांजर माझ्यावर कधी कुरकुरले नाही, पण मीही त्याच्याखाली कुरकुरलो नाही. त्याचे वजन पुरत नव्हते.

वर मात्र हाहाकार होता. जिन्याखालीसुद्धा ऐकू येई. सिंफनी सुरू होताना हॉर्न आधी येत, चेलो मागाहून चौकशीला येत, आणि काका तर एकदा नगारा वाजवून मोकळे झाले तेव्हा बाकीचे अजून श्वास घेत होते. वहिनी धनुकलीने इशारे करून थकल्या. पण खड्ड्यात त्यांची धनुकली दिसते ती फक्त पुढच्या दोन रांगांना.

"मास्तर थकले," व्यवस्थापक सांगत सुटले. "हात थरथरतो. मी काय म्हणतो, आमचा मेहुणा आहे ना, परदेशातून शिकून आलाय."

मेहुण्याला केस भरपूर होते आणि ठोका स्वच्छ होता. एक दोन तीन चार. इस्त्री केल्यासारखा. त्याने वाजवून घेतलेले सगळे बरोबर असे, आणि ऐकून बाहेर पडताना लोक गाडी कुठे लावली होती याबद्दल बोलत.

शेवटी व्यवस्थापकांनी मास्तरांना बोलावून घेतले. मोसमाचा पहिला प्रयोग 'मिठागराची राणी'चा होता, आणि रेडिओवरून तो थेट जाणार होता. हा ऑपेरा करायचा म्हणून मास्तर आयुष्यभर थांबले होते. चार तासांचा, त्यात राणी दोनदा मरते, आणि एवढ्या गायकांचा मेळ बसवणे कोणालाच परवडत नाही म्हणून सहसा होत नाही.

"पहिला प्रयोग तुमचा," व्यवस्थापक म्हणाले. "सुरुवात चोख झाली तर पुढचे मोसम तुमचेच. पण रेडिओवर जर का त्या सिंफनीसारखा गोंधळ झाला, तर सोमवारपासून मेहुणा. तुम्हाला रविवारची मुलांची बँडपथकं देऊ. तुम्हाला मुलं आवडतातच."

मास्तरांना मुले आवडत नाहीत, हे सगळ्या मुलांना माहीत आहे.

आता या ऑपेराची सुरुवात ऐका, मित्रांनो, म्हणजे संकट केवढे होते याची कल्पना येईल. लिहिणाऱ्याने लिहून ठेवले आहे की पडदा उघडण्याआधी पूर्ण अंधार करावा. वादकांच्या कागदांवरचे छोटे दिवेसुद्धा बंद. आणि त्या मिट्ट काळोखात, मिठागरावर पहाट होण्याआधीची शांतता मोडत, ऐंशी वाद्यांनी एक लांबलचक, अगदी हलका सूर एकदम धरावा. एकदम. अंधारात. छडी कितीही सुवाच्य असती, तरी ती दिसणार कोणाला?

वहिनींनी त्याच दिवशी व्यवस्थापकांचे दार ठोठावले. "त्यांचे गुडघे दुखतात. ते नवीन पीठ उंच आहे. जुना खोका काढून द्या."

"तो भंगार?"

"गुडघेही जुनेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

अशा रीतीने मी परत आलो. पहिल्याच तालमीला अंधार झाला, मास्तर चढले, डावी टाच टेकली, मी म्हणालो, "कुर्र," आणि काळोखातून तो सूर असा उगवला की काकांनी डोळे पुसले. काकांचे पहिल्या अंकात काम नसते, म्हणून त्यांना रडायला सवड होती.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली. सुरुवात पुन्हा सुरेख. मास्तर आणि वहिनी कपडे बदलायला घरी गेले, वादक चहाला गेले, आणि कानाला भलीमोठी यंत्रे लावलेला रेडिओवाला व्यवस्थापकांकडे आला.

"सर, सुरुवातीच्या शांततेत कोणीतरी दार उघडतंय."

"कोणतं दार?"

"जुनं असावं. कुर्र असं वाजतं."

व्यवस्थापकांनी ऑपेराघरातली सगळी दारे तेल घालून घेतली. प्रेक्षागृहाची, मेकअपखोलीची, संडासाची. राणीच्या सिंहासनाखाली मेण घासले. रेडिओवाला खुर्च्यांवर बसून, उठून, कान लावून बघत होता. मला वाटले, सुटलो. तेवढ्यात त्याने एक पाय माझ्यावर ठेवला.

"कुर्र," मी म्हणालो. काय करणार, माझा स्वभाव.

"सापडला!"

सुताराला बोलावले. हा त्या जुन्या सुताराचा मुलगा. त्याने माझ्या पोटाखाली हात घालून फळी चाचपली आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, हे तर आमच्या बाबांचं काम! शेवटपर्यंत म्हणायचे, एक फळी राहिली बघ माझी बसवायची."

"मग आज बसवून टाक," व्यवस्थापक म्हणाले. "आणि मास्तरांना सांगू नकोस. तेवढंच त्यांना सरप्राइज."

मित्रांनो, त्याने ते काम इतक्या मायेने केले की मला रागसुद्धा धड येईना. फटीत सरस ओतला. खाली नमद्याची पट्टी घातली. मग स्क्रू, एकामागून एक, नीट वाटून, घट्ट. मला ओरडायचे होते. पण ओरडायला माझ्याकडे एकच आवाज होता आणि तो तोच बंद करत होता. शेवटी तो माझ्यावर उड्या मारून पाहू लागला. मी जिवाचा आटापिटा केला. हूं नाही की चूं नाही.

"झालं, म्हातारबा," माझ्या पाठीवर थोपटत तो म्हणाला. "बाबांना बरं वाटलं असतं."

संध्याकाळी प्रेक्षागृह भरले. वादक येऊन बसले. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी काय दिसणार होते? सरस पुसून काढला होता. वहिनी माझ्या कडेला बसल्या, आणि आपल्या बुटाचे टोक त्यांनी सहज मला लावले. शुभशकुन म्हणून त्या नेहमी तसे करत. मी फळी हलवायचा इतका प्रयत्न केला की माझ्यातल्या एका गाठीला चीर गेली. वहिनींनी पाय काढून घेतला आणि तारेवर बोट ठेवले.

पहिल्या रांगेत मेहुणा बसला होता. शेपटीचा काळा कोट घालून. आतल्या खिशातून छडीचे टोक बाहेर डोकावत होते.

मास्तर आले. टाळ्या झाल्या. ते माझ्यावर चढले आणि तेव्हाच, मला स्पष्ट जाणवले, त्यांचा डावा पाय क्षणभर अडखळला. चढताना मी नेहमी थोडासा कुरकुरतो, म्हाताऱ्याने या या म्हणावे तसा. आज काहीच नाही. पण टाळ्यांचा आवाज होता. ऐकू आले नसेल, असे त्यांनी मनाशी म्हटले असावे. त्यांनी वळून लवून नमस्कार केला. दिवे गेले. वादकांचे छोटे दिवे गेले. रेडिओवर निवेदकबाई हळू आवाजात म्हणाल्या असतील की आता मिठागरावर काळोख आहे.

मिट्ट काळोख. ऐंशी माणसांनी श्वास धरला.

मास्तरांनी छडी उचलली. बाहीची सळसळ मला कळली. डावी टाच टेकली.

काही नाही.

ऐंशी जणांच्या धनुकल्या, बासऱ्या, ओठ जागच्या जागी. कोणी हलले नाही. कसे हलणार? ज्याची वाट पाहायची ते आलेच नव्हते. टाच पुन्हा टेकली, जोरात. मी भिंतीसारखा मुका. टाच इंचभर सरकली, दुसरीकडे टेकली, मग कडेला. ती मला शोधत होती, मित्रांनो. आयुष्यात प्रथमच मला कोणी शोधत होते आणि मी तिथेच होतो.

 माझ्या कडेला वहिनींनी धनुकली तारेला लावली आणि परत उचलली. त्यांनी सुरू केले असते तर फक्त व्हायोलिन सुरू झाल्या असत्या, बाकी सगळे मागून धावत आले असते, आणि तेच तर सिंफनीत झाले होते. थांबावे तर शांतता आता शांतता राहिली नव्हती. तिला वास येऊ लागला होता. वर प्रेक्षकांत एक खोकला झाला. पहिल्या रांगेत कोणीतरी खुर्चीत पुढे सरकले आणि कोटाच्या अस्तरावर लाकूड घासल्याचा आवाज आला. मेहुणा छडी काढत होता.

माझ्यावर घामाचा एक थेंब पडला. मग मास्तरांचे दोन्ही पाय स्थिर झाले. सिंफनीच्या संथ भागात होतात तसे. त्यांनी श्वास आत घेतला.

आणि तोंडाने म्हणाले, "कुर्र."

हळू. गंभीरपणे. हुबेहूब माझ्या आवाजात. खरे सांगायचे तर माझ्याहून जरा सुरात.

एक श्वास गेला. आणि काळोखातून ऐंशी वाद्यांचा तो सूर उगवला, एकदम, एका माणसाने धरल्यासारखा. असा उगवला की वर कोणाचा तरी चष्मा खाली पडला तो त्याने अंक संपेपर्यंत उचलला नाही.

पुढचे तीन अंकही त्यांनी तसेच सुरू केले. दुसऱ्या अंकाला "कुर्र" जरा मोकळेपणाने. तिसऱ्याला मुरकी घेऊन. चौथ्यात राणी दुसऱ्यांदा मरायची थांबली आणि इशाऱ्यासाठी खाली बघू लागली, तेव्हा मास्तरांनी तिलाही एक दिली. ती लगेच मेली.

टाळ्या थांबेनात. त्या गोंगाटात वहिनी खाली वाकल्या, माझ्या फळीवरून त्यांनी हात फिरवला, त्यांना स्क्रूची डोकी लागली. त्यांनी वर पाहिले.

"अहो. तुम्हाला माहीत होतं?"

"काय?" मास्तर प्रेक्षकांकडे बघून हसत, ओठ न हलवता म्हणाले.

"कुर्र."

"लग्नाआधीपासून."

"मग कधी बोलला नाहीत ते!"

"तू सगळ्यांना किती प्रेमाने गप्प बसवत होतीस. म्हटलं, कळलं असं सांगितलं तर तू मोडशील." मग पुन्हा एकदा लवून नमस्कार करत ते म्हणाले, "आणि छडीचं म्हणशील, तर ती मलाही वाचता येत नाही."

वहिनींनी व्हायोलिन हनुवटीखाली धरली. वाजवायचे काही नव्हते. पण तोंड लपवायला तेवढीच सोय होती.

रेडिओवाला धावत आला. "सर, दार परत उघडलं! पाच वेळा!" पण व्यवस्थापकांच्या भोवती लोकांची गर्दी झाली होती आणि प्रत्येक जण विचारत होता की सुरुवातीचे ते प्राचीन, गूढ वाद्य कोणते. व्यवस्थापकांनी क्षणभर विचार केला. "आमच्याच संग्रहातलं आहे," ते म्हणाले. "फार जुनं. मी स्वतः जिन्याखालून शोधून काढलं."

पुढचे मोसम मास्तरांचे झाले. मेहुणा सध्या मुलांच्या बँडपथकांना शिकवतो आणि घरी आरशासमोर उभा राहून रोज कुर्रचा रियाज करतो. अजून त्याचा कुर्र चौकोनी येतो असे ऐकतो. आणि मास्तरांनी सुताराला बोलावून माझे तोंड उघडून द्यायला सांगितले. तो बिचारा हिरमुसला. "बाबांचं काम पुन्हा अर्धवट करू?"

"तुझ्या बाबांनी ते अर्धवट ठेवलं," मास्तर म्हणाले, "म्हणून आमचा संसार पूर्ण झाला."

तो कळल्यासारखे करून पेचकस शोधू लागला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी सांगायचे असते की आमची काळजी घ्या. मी जरा वेगळे सांगतो. काळजी घ्या, पण आधी विचारून घ्या. कोणी कुरकुरत असेल, मग तो खोका असो की घरातले म्हातारे माणूस, तर पेचकस हातात घेण्याआधी इतके बघा की ते बिघडले आहे की बोलते आहे. कोण जाणे, अख्खे घर त्या कुरकुरीच्या तालावर चालत असेल.

एवढे मोठे बोलल्यावर खरे तर मी थांबायला हवे. पण त्या सुताराने घाईत एक स्क्रू आतच ठेवला आहे. डावीकडे, मागच्या कोपऱ्यात. तिथे भयंकर खाजते. तुमच्यापैकी कोणी या बाजूला येणार असाल, तर येताना पेचकस आणाल का?